काचेतली बाई

समाजमंदिरात नेटवर्क नाही,
म्हणून आम्ही तिला पाण्याच्या टाकीखाली नेलं,
टॅबलेट उभा केला पालथ्या घमेल्याला टेकवून.
सायत्रा पेंदाम पोत्यावर बसली
पदर जबड्यावर ओढून.
सतरा वर्षांचा खर्रा. आता तोंड दोन बोटं उघडतं,
त्यातून मावेल तेवढंच ती बोलते.

काचेतली बाई म्हणाली, नमस्कार.
"हिचा पदर हालत नाई वं," मागून कोणीतरी.
"डोये तं मिचकावते."
बाया हसायच्या थांबेपर्यंत मी थांबले.

मला ती आवडली नव्हती, खरं सांगते.
अकरा वर्षं मी या गावची आशा,
लोहाच्या गोळ्या, अडलेली बाळंतपणं,
कोणाच्या घरी मागच्या दारानं जायचं ते मला ठाऊक,
आणि आता नागपूरहून ही.
हिला घाम नाही. हिचं मानधन थकत नाही.

पहिल्या खेपेला ती पुस्तकातलं बोलली होती:
क्लिनिकल ट्रायल म्हणजे नवीन औषधाची चाचणी.
"चाचनी तं शायेत रायते," सायत्रा म्हणाली,
"मी नापास झाली तं?"
ते मी जसंच्या तसं लिहून वर पाठवलं.
दीड महिन्यानं काचेतली बाई वऱ्हाडी बोलत आली:
"नापास झालं तं औषध होते बाई,
तू नाई."

नवं औषध कोणाला, नेहमीचं कोणाला,
हे कॉम्प्युटर काढणार, डॉक्टरच्याही हातात नाही.
बाया गप्प.
मग बचत गटाची शेवंता:
"म्हंजे भिशीची चिठ्ठी."
"हो. पन कोरी चिठ्ठी कोनाचीच नाई.
इलाज सगळ्यायलेच मियते."

सायत्रानं लाळ पुसली.
"हे औषध पह्यले कोनाले देलं?"
शहरातल्या लोकायले. परदेशातल्या.
"आमच्यासारख्याले?"
लय कमी. या तालुक्यातून तं कोनालेच नाई.
पुन्हा लाळ पुसली.
"म्हंजे आमच्या अंगात ते काय करन, कोनाले मालूम नाई."
नाई मालूम. म्हनून तं तुमच्यापरेंत आलो.

मी असते तर म्हटलं असतं, सारं चांगलंच होईल गं.
अकरा वर्षं हेच म्हणत आले,
कधी खरं झालं, कधी त्या घरावरून जाताना
सायकल जोरात मारली.

मग सायत्रानं विचारलं,
"मंधातच सोडून देलं तं?"
सोडता येते. कवाही.
कारन सांगाची गरज नाई.

"पुन्हा सांग."
सोडता येते. कवाही. कारन सांगाची गरज नाई.
"पुन्हा."
तिसऱ्यांदा, चौथ्यांदा,
तोच आवाज, तेवढाच शांत.
ऐकू तिला पहिल्यांदाच आलं होतं.
माहेरी जायला कारण, बाजाराला कारण,
मागच्या साली फोड दाखवायला वणीला जायचं
तर सासऱ्यापासून सगळ्यांना कारण.
ती काचेकडं बघत राहिली,
टाकीतून पाणी ठिबकत होतं तिच्या पाठीवर,
सरकली नाही.

"आज नाई," ती म्हणाली.
"बरं," काच म्हणाली,
आणि तिची बॅटरी संपली.

रात्री अॅप भरताना रकाना आला:
नकाराचे कारण.
मला ठाऊक होती की, पाच तरी कारणं.
नवरा, वेचणी, पोरीचं दहावीचं वर्ष,
पेन्शनच्या कागदावर एकदा फसवून घेतलेला अंगठा.
कोरा ठेवला तर पान पुढं सरकेना.
मी एक टिंब दिलं.
सरकलं.

तीन दिवसांनी धुऱ्यावर तिनं मला थांबवलं,
ओटीत कापूस, जबड्यावर पदर.
"शनवारी ये. तिलेही आन."
मी पुढं निघाले तर मागून हाक,
दोन बोटांतून ओढून काढलेली:
"चारजिंग करून आन वं."